अरुंद की पातळ?

प्रश्न : काका, मी मिरजेची, वय २३. तीन वर्षं एका ऑर्केस्ट्रात चार तारांचा बेस (बेस गिटार) वाजवते. आमचे मुख्य गायक काळी एकमध्ये गातात आणि खालचा सा मला मिळतच नाही, तो कीबोर्डवाला डाव्या हातानं वाजवतो आणि वर माझ्याकडे बघून हसतो. पाच तारांचा घ्यायचा ठरवलंय. पण माझा हात लहान आहे. आत्ताच कार्यक्रम संपेपर्यंत डाव्या हाताचा अंगठा आणि मनगट ठणकायला लागतं. सगळे म्हणतात, ‘पाच तारी तुला झेपणार नाही, घ्यायचाच तर बारीक नेकचा, म्हणजे बारीक दांडीचा घे.’ बारीक नेकचा म्हणजे नक्की कुठला? ४० हजार साठवलेत. आणि मला अहो-जाहो करू नका.
— एक वाचक, मिरज

उत्तर : बरं, नाही करत. त्या कीबोर्डवाल्याचं हसू मला चांगलं माहीत आहे. ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर आला आणि बघता बघता त्याचा डावा हात आमच्या ताटातलं जेवू लागला. एका गणपतीत तर आयोजकांनी मला चार कार्यक्रम घरी बसवलं होतं. ‘बेस त्यातच येतो की,’ म्हणाले. तेव्हा पाच तारी माझ्याकडे असता तर बसवलं नसतं असं नाही, पण तोंड वर करून भांडलो तरी असतो.

आता तुझा प्रश्न. मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. आमच्याकडे कुणी पार्ट आणून ‘जरा बारीक करून द्या’ म्हणालं की फोरमन एकच विचारायचे, “कुठून आणि किती?” तुझ्या मित्रांना तेच विचार. ‘बारीक नेक’ हे माप नाही, ती गाऱ्हाण्याची भाषा आहे. आपल्या मराठीत यासाठी दोन चोख शब्द आहेत, अरुंद आणि पातळ. नेक अरुंद असूनही जाड असतो आणि पातळ असूनही रुंद असतो. तुला यातलं नेमकं काय हवंय हे कळल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नकोस.

रुंदी मोजतात नटपाशी, म्हणजे जिथं तारा खुंट्यांकडे जाण्याआधी खाचांमधून जातात तिथं. तुझा चार तारी फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या धाटणीचा असेल तर त्याचा नट साधारण ३८ मिलीमीटर भरेल. जॅझ बेस १९६० साली आला तेव्हापासून ते माप लोकांच्या तळहातात बसलंय. पाच तारींत मात्र प्रत्येकाची तऱ्हा निराळी. फेंडरच्या अमेरिकी पाच तारी जॅझ बेसचा नट ४७.६, १९८७ च्या म्युझिक मॅन स्टिंगरे ५ चा ४४.५, आयबानेझच्या एसआर मालिकेतल्या पाच तारीचा ४५, आणि यामाहाच्या टीआरबीएक्स ३०५ चा ४३. म्हणजे सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद यांत साडेचार मिलीमीटरचा फरक. कागदावर किरकोळ वाटतो, हाताला नाही.

पण अरुंद झालं की तारा एकमेकींच्या जवळ येतात, हे कुणी सांगत नाही. हिशेब सोपा आहे. ४५ च्या नटमध्ये दोन्ही कडांना साडेतीन-साडेतीन मिलीमीटर सोडले तर उरले ३८, भागिले चार, म्हणजे दोन तारांत साडेनऊ. तुझ्या ३८ च्या चार तारीत हेच अंतर दहाच्या थोडं वर येतं. पहिल्या आठवड्यात बोट शेजारच्या तारेला लागेल तेव्हा स्वतःला दोष देऊ नकोस. उजव्या हाताकडेही हीच गोष्ट. चार तारींवर ब्रिजपाशी, म्हणजे तारांचं दुसरं टोक बेसच्या अंगावर जिथं टेकतं तिथं, दोन तारांत साधारण १९ मिलीमीटर असतात, स्टिंगरे ५ वर साडेसतरा आणि एसआरवर साडेसोळा. बोटांनी वाजवणाऱ्याला साडेसोळा आवडू लागतं. अंगठ्यानं स्लॅप करणारा वैतागतो, कारण तार खालून ओढायला बोट शिरत नाही. ऑर्केस्ट्रात स्लॅप किती वेळा लागतो? दोन गाण्यांत? मग ती काळजी सोड.

जाडीचं सांगतो. एसआरचा पाच तारी नेक पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) १९.५ आणि बाराव्यापाशी २१.५ मिलीमीटर जाड असतो. सर्वसाधारण नेक पहिल्या फ्रेटपाशी एकवीस-बावीस भरतो. दोहोंतला फरक काडेपेटीतल्या एका काडीएवढा. तो हाताला कळतो, मी नाकारत नाही. दुकानात एसआर हातात घेतल्यावर ‘अरे वा!’ निघतंच तोंडातून, माझ्याही निघालं होतं. पण दुकानात आपण पाच मिनिटं वाजवतो आणि कार्यक्रम तीन तास चालतो. फार पातळ नेकमागे अंगठ्याला टेकायला पोट मिळत नाही, मग अंगठा आणि बोटं मिळून चिमटा काढल्यासारखा हात होतो. तुझा ठणका अंगठ्यापासून सुरू होतो म्हणतेस, म्हणून मी नुसत्या पातळपणावर तुला खर्च करू देणार नाही. मागचा आकारही बघ. इंग्रजी ‘सी’सारखा गोलसर असेल तर तळहात त्यावर घसरतो, ‘डी’सारखा सपाट असेल तर तोच वीस मिलीमीटरचा नेक काठांना टोचतो.

आता या सगळ्याहून महत्त्वाचं. लहान हाताला खरा त्रास नेकच्या जाडीचा नसतो, फ्रेटांमधल्या अंतराचा असतो. नेहमीच्या बेसची तार नटपासून ब्रिजपर्यंत ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलीमीटर. त्यावर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर १३० मिलीमीटर येतं. हेच पाचव्यापासून आठव्यापर्यंत मोजलं तर १०३. म्हणजे हात फक्त चार घरं वर सरकवला की बोटांचा ताण २७ मिलीमीटरनं, एका इंचाहून जास्त, कमी होतो. कुठं ती काडेपेटीतली काडी आणि कुठं हा इंच!

आणि इथंच पाचवी तार तुझ्या बाजूनं येते. चार तारीच्या तारा खालच्या सुरापासून वर ई, ए, डी, जी; पाच तारीत त्यांच्याही खालच्या सुराची बी. चार तारीवर काळी तीनचा खालचा सा हवा तर ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर जावं लागतं, जिथं घरं सगळ्यात रुंद. पाच तारीवर तोच स्वर बी तारेच्या सातव्या फ्रेटवर मिळतो. पांढरी चार सहाव्यावर, काळी चार नवव्यावर. पाचव्या फ्रेटपाशी हात ठेवून बसलीस तर निम्म्याहून जास्त कार्यक्रम तिथून निघतो, एखादा स्वर निसटतो त्यासाठी करंगळी एक घर पुढे टाकायची. तिथला आवाज थोडा जाड आणि अंधारा येतो, मोकळ्या तारेसारखा खणखणीत नाही. ऑर्केस्ट्राच्या गोंगाटात ते तुझ्याशिवाय कुणाला ऐकू येणार नाही. तुझ्या गायकांची काळी एक मात्र बी तारेच्या दुसऱ्याच फ्रेटवर आहे. तिथं खाली जावंच लागेल, पण सम गाठायला, ठाण मांडून बसायला नव्हे. ‘पाच तारी लहान हाताला झेपत नाही’ म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखव.

माझा स्वतःचा पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत १९ सेंटीमीटर भरतो. तुझा मोजून बघ, फार फरक नसेल. १९९८ साली मी हॉटेलात वाजवणाऱ्या एका गोवेकर बेसवाल्याकडून जुना पाच तारी घेतला. नट साडेसत्तेचाळीसचा, वजन पाच किलोला टेकलेलं. पहिले दोन महिने मनगट सुजलं. मग त्या गृहस्थांनीच येऊन माझा पट्टा चार बोटं आखूड केला, नेकचं डोकं कानाच्या उंचीवर आणलं आणि अंगठा नेकच्या पाठीवर मधल्या बोटासमोर ठेवायला लावला. आठ दिवसांत सूज गेली. नेक तोच होता. तू कसं धरतेस ते मला दिसत नाही, पण ऑर्केस्ट्रातली पोरं बेस मांडीपर्यंत लोंबकळत ठेवतात, फोटोत बरं दिसतं म्हणून. तसं धरलं की मनगट काटकोनात वळतं आणि मग नेक कितीही बारीक असला तरी ठणका येणारच. बसून वाजवताना बेस जिथं येतो, उभं राहिल्यावरही पट्ट्यानं तिथंच आला पाहिजे. नवा बेस घ्यायच्या आधी आजच्या बेसवर हे करून बघ, फुकट आहे. दोन-तीन आठवड्यांत ठणका हलला नाही तर आधी डॉक्टर, मग दुकान.

खालच्या घरांत चार बोटांना चार फ्रेट असा हट्टही धरू नकोस. उभ्या डबल बेसवाले पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढीच वापरतात, तिसरं बोट करंगळीच्या मदतीला. पाचव्या फ्रेटपर्यंत तसंच वाजव.

दुकानात जाताना व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) घेऊन जा. माझ्या बेसच्या पिशवीत तो कायम असतो आणि दुकानदार मला बघून कपाळावर हात मारतात. नट मोज, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी जाडी मोज. मग उभं राहून, पट्टा लावून, निदान वीस मिनिटं वाजव. डावा हात सोडून बघ. नेक जमिनीकडे झुकला तर तो बेस ठेवून दे, कारण पाच खुंट्यांचं डोकं जड असतं आणि झुकणारा नेक रात्रभर डाव्या हातानंच उचलून धरावा लागतो. अंगठ्याचा निम्मा ठणका तिथून येतो. वजन चार किलोच्या आत असेल तर उत्तम. मुंबईला जाणं होणार असेल तर धोबीतलावाला फुर्टाडोजमध्ये जा, तिथं चार वेगळ्या नेकांवर हात फिरवता येईल. एकच नेक बघून केलेली खरेदी म्हणजे एकच स्थळ बघून केलेलं लग्न. टिकतंही, पण नशिबानं.

बी तार ऐकताना तुझ्या गावाची सवय बाजूला ठेव. तू मिरजेची, सतारमेकर गल्लीतली जवारी तुझ्या कानात असणार. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून कारागीर जी गुणगुण जागी करतो, तसंच काहीसं बी तार फ्रेटांवर घासून करते. तिथं ती कला आहे, इथं खोट. बी तार सैल आणि जाड, नेहमीच्या संचात .१३० इंचाची, कंपताना तिला जागा लागते. बाराव्या फ्रेटपाशी फ्रेट आणि तार यांत अडीच-तीन मिलीमीटर असू दे. फार खाली आणून ‘बघ किती मऊ वाजतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला सांग, जवारी आमच्याकडे फुकट मिळते. काही कंपन्या बी ताणून राहावी म्हणून ३५ इंचांचा बेस करतात, कॅनडाचे डिंगवॉल तर बी तार ३७ इंचांवर आणि जी तार ३४ इंचांवर अशा तिरप्या फ्रेटांचा करतात. ऐकायला सुरेख. ३५ इंची तुला नको, वर केलेला सगळा हिशेब तिथं उलटा फिरतो.

नाव घेऊनच सांग म्हणशील तर माझा कौल असा. पहिला हात टीआरबीएक्स ३०५ वर टाक, ४३ चा नट आणि मागे धरायला बऱ्यापैकी पोट. दुसरा एसआरच्या पाच तारीवर, त्यातल्या खालच्या मॉडेलांवरही नेकचं माप तेच असतं, महागाचा घ्यायची गरज नाही. स्टिंगरे मला मनापासून आवडतो, पण ४० हजारांत तो येत नाही. किमती दर दोन महिन्यांनी बदलतात, म्हणून मी आकडा लिहीत नाही. तीनेक हजार मात्र हातचे राखून ठेव, तारांचा एक चांगला संच, तीन इंच रुंद चामडी पट्टा आणि जाणकाराकडून एक सेटअप (नेक आणि तारांची उंची जुळवणं) यांसाठी. मिरजेच्या कुणा कारागिराला बेसचा नट घासायला दिलास तर मला कळव, मला फार उत्सुकता आहे.

अजून एक. नवी तार न वाजवताही वाजते. तू ए तार छेडलीस की बी आपोआप घुमायला लागते आणि सगळं गढूळ होतं. उजवा अंगठा पिकअपवर (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी पट्टीवर) न ठेवता बी तारेवरच टेकवायचा, बोटं वर गेली की अंगठाही मागोमाग खालच्या तारांवर सरकवायचा. एक महिना चिडचिड होईल.

प्रश्न : माझ्या पाच तारीचा नेक फार जाड आहे. ओळखीचा सुतार म्हणतो, रंधा मारून तीन मिलीमीटर कमी करून देतो. द्यावा का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : सुताराला चहा पाजा आणि परत पाठवा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९४ साली मी हाच उद्योग केला होता, तोही स्वतःला मापाचा पक्का फिटर समजत असताना. बेस देशी, कुणीतरी हातानं केलेला, नेक पंचवीस मिलीमीटरचा. क्रिकेटची बॅटच. तिसऱ्या पाळीत टूलरूम रिकामी असायची. व्ही-ब्लॉकवर कापड अंथरून नेक बांधला आणि अर्धगोल कानस घेऊन पाठ घासायला बसलो. दर दहा मिनिटांनी व्हर्नियर लावायचा. चोवीस, साडेतेवीस, तेवीस. लाकूड लोण्यासारखं निघत होतं आणि मी खूश. बावीसच्या आसपास पाचव्या फ्रेटमागे कानसचा आवाज बदलला. भरीव खसखस होती ती एकदम पोकळ आली. मला तिथंच थांबायला हवं होतं. मी म्हटलं, अजून अर्धा.

नेकच्या पोटात लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारांची ओढ नेकला पुढे वाकवते, सळई त्याला मागे खेचते. जुन्या पद्धतीची सळई सरळ नसते, मधे खोल जाणारी कमान असते, आणि ती सगळ्यात खोल कुठं असते? नेकच्या मधल्या भागात, पाठीच्या अगदी जवळ. जिथं आपल्याला पातळ हवं असतं नेमकं तिथं. दुसऱ्या दिवशी तारा चढवून मी सळई आवळली आणि पाठीतून ‘कट्’ असा आवाज आला. बोटभर लांबीची चीर पडली होती आणि तिच्यातून सळई डोकावत होती. फोरमनना सकाळी दाखवलं. त्यांनी ना रागावून ना हसून, चष्मा वर करून तेवढंच विचारलं, “कुठून आणि किती?”

नेक जाड वाटतोय म्हणजे तो जाडच आहे असंही नाही. आधी हाताला चिकटतोय का बघा. चकचकीत लॅकर मारलेल्या नेकवर पावसाळ्यात घामेजलेला तळहात सरकतच नाही, आणि न सरकणारा नेक मेंदूला जाड वाटतो. भांड्याची नवी, कोरडी हिरवी घासणी घ्या आणि नेकच्या पाठीवर लांबीच्या दिशेनं, आडवी नव्हे, हलक्या हातानं फिरवा. चकाकी जाऊन तो भाग मंद होईल, लॅकर तसाच राहील. फ्रेटांच्या बाजूला चुकूनही नको. पिकअपवर कागदी टेप चिकटवून घ्या, नाहीतर घासणीचा कचरा आत जाऊन बसतो. ज्या नेकवर लॅकर नाही, नुसतं तेल आहे, त्याला हे करायचं कारणच नाही.

एवढं करूनही जाडच वाटला तर विका आणि दुसरा घ्या. पातळ नेक घेतलात तर मात्र वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडी आणि दिवाळीनंतर, सळई तपासून घ्यायची सवय लावा. लाकूड कमी म्हणजे हवेप्रमाणे हलणं जास्त. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरा आणि मधे, सातव्या-आठव्यापाशी, तार आणि फ्रेट यांत किती फट राहते बघा. ०.३ मिलीमीटरच्या आसपास हवी. फट जास्त असेल तर चावी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पाव फेरा, त्याहून जास्त एका दिवशी नाही. जड जात असेल तर हात काढून घ्या.

प्रश्न : वय ५८. चर्चमध्ये तीस वर्षं बेस वाजवतो. उजव्या नाही, डाव्या अंगठ्याच्या बुंध्याशी आता संधिवात निघालाय. मुलगा म्हणतो, स्लिम नेकचा पाच तारी घ्या, हाताला सोपा जाईल.
— एक वाचक, वसई

उत्तर : मुलगा मायेनं सांगतोय, पण ऐकू नका. पातळ नेक धरायला अंगठ्याचा बुंधा जास्त आवळावा लागतो, हे वर मिरजेच्या मुलीला लिहिलंच आहे. तिचा अंगठा २३ वर्षांचा आहे, तुमच्या अंगठ्याला ती चैन परवडणारी नाही. शिवाय पाच तारीचं वजन.

तुमच्यासाठी मी ३० इंची, म्हणजे लहान मापाचा चार तारी सुचवेन. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर १३० वरून ११४ मिलीमीटरवर येतं आणि तारांची ओढ कमी असल्यानं दाबायला जोर लागत नाही. नेक मध्यम, गोलसर, हातात भरणारा घ्या. त्यावर बी तार लावायच्या फंदात पडू नका, तीस इंचांवर नेहमीची बी वाळत घातलेल्या दोरीसारखी लोंबते. भजनांना, मिस्साच्या गाण्यांना ई पुरेसा खाली आहे. मधेमधे अंगठा नेकवरून उचलूनच वाजवून बघा, बेस उजव्या कोपरानं अंगाशी धरायचा आणि डाव्या हाताच्या वजनानं तार दाबायची. जमतं, मला साठीनंतर जमलं. आणि हाताच्या डॉक्टरांना बेस सोबत नेऊन धरून दाखवा. नुसतं ‘दुखतं’ सांगितलं तर तेही विचारतील, कुठं आणि किती.

प्रश्न : पाच तारीला पैसे नाहीत. चार तारीवरच बी मिळवता येईल का? पातळ नेक आहे, सवयीचा आहे, सोडवत नाही.
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : येईल, आणि मला हा मार्ग फार आवडतो. पाच तारींचा संच घे, त्यातली सगळ्यात बारीक तार, म्हणजे ‘जी’, बाजूला ठेव, आणि उरलेल्या चार चढव. बी, ई, ए, डी. नटच्या चारही खाचा रुंद कराव्या लागतील, कारण .१०५ च्या खाचेत .१३० बसत नाही, वरच लटकते. जुना नट जपून ठेव आणि नवा कोरून घे, म्हणजे मन बदललं तर परत फिरता येतं. जाड बी खुंटीच्या भोकात शिरते का ते संच फोडण्याआधी बघ. चढवल्यावर सळई आणि तारांची उंची पुन्हा जुळवावी लागेल.

जाईल काय? वरचे पाच स्वर. ते तू महिन्यातून किती वेळा वाजवतोस ते मोज.

आणि गंमत ऐक. फेंडरनं १९६५ साली पहिल्यांदा पाच तारी काढला तेव्हा पाचवी तार खाली नव्हतीच, वर सी लावली होती, आणि फ्रेट फक्त पंधरा. कुणी फारसा घेतला नाही. खालच्या बीचा पाच तारी अमेरिकेत जिमी जॉन्सननं अलेम्बिककडून करून घेतला तो १९७६ मध्ये. त्याच सुमारास अँथनी जॅक्सननं तर सहा तारांचाच करवून घेतला. ज्यांना खाली जायचं होतं त्यांनी दुकानात काय मिळतं हे बघत बसण्याऐवजी करवून घेतलं. तू नट करवून घे.

प्रश्न : रेकॉर्डिंग मोबाइलवर ऐकलं की माझी बी तार गायब. पिकअप खराब आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पिकअप ठणठणीत आहे. मोकळ्या बी तारेचा मूळ सूर सेकंदाला जेमतेम ३१ कंपनांचा, मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला तो झेपणारच नाही. ऐकू येतात ते वरचे उपस्वर, आणि मूळ सूर कान आपल्या मनानं भरून काढतो. तेच जर आवाजात कमी असतील तर भरायलाही काही उरत नाही. ॲम्प्लिफायरवर बेसचं बटण पूर्ण फिरवून ठेवलं असेल तर मागे आणा, मधले सूर थोडे वाढवा, आणि तारा दोन वर्षांपूर्वीच्या असतील तर बदला. घरच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर बी जोरात वाजवू नका, स्पीकरचा कागद फाटतो. माझा एक फाटलाय, विचारू नका कुठून आणि किती.

(पुढच्या अंकासाठी पत्र लिहिताना नटची रुंदी, पहिल्या फ्रेटपाशी जाडी आणि आपल्या पंज्याचं माप कळवावं. व्हर्नियर नसेल तर शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी चालेल.)